मराठवाड्याच्या अंगणातील कोरांटी : लागवड आणि निगा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात फुलणारे झुडूप म्हणून कोरांटीचीच शिफारस का केली जाते?

मराठवाड्यात पावसाळा सरला की बागेचे पाणी मोजूनमापून वापरावे लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत, दसऱ्याच्या आगेमागे, कोरांटी कळ्या धरू लागते. शेवंती, झेंडू आणि ॲस्टर हीदेखील आपल्याकडची हिवाळी फुलेच आहेत. परंतु त्यांना दर वर्षी नवी रोपे किंवा नवे फुटवे, भुसभुशीत वाफा आणि वेळच्या वेळी पाणी लागते. कोरांटी एकदा जमिनीत रुजली की वर्षानुवर्षे त्याच जागी राहते आणि पाण्यासाठी रोज कोणाची वाट पाहत नाही. एकेक फूल फार काळ टिकत नाही, मात्र कळ्या टप्प्याटप्प्याने उमलत असल्यामुळे दिवाळीला सुरू झालेला बहर वेळा अमावस्येपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षातील अमावस्येपर्यंत, सहज चालतो, आणि मुळांशी थोडी ओल राहिली तर माघातही झुडपावर फुले दिसतात. लातूर आणि धाराशिवकडे वेळा अमावस्येला शेतात जाताना वाटेवरच्या बांधावर पिवळी कोरांटी फुललेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या झाडाच्या काटकपणाविषयी वेगळे सांगावे लागत नाही.

थंड देशांतील बागांच्या चित्रांत दिसणारे गुलाबी हिवाळी हीथ आपल्याकडे लावता येईल का?

नाही, आणि त्यावर पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. एरिका कार्निया या नावाने ओळखले जाणारे हिवाळी हीथ हे मध्य आणि दक्षिण युरोपातील डोंगराळ भागाचे, विशेषतः आल्प्सचे झुडूप आहे. ते जमिनीसरशी पसरते, साधारण १५ ते २५ सेंटिमीटर उंच होते आणि बर्फ पडत असतानाही फुलते. हीथ कुळातील बहुतेक झाडांना आम्ल जमीन लागते. एरिका कार्निया मात्र चुन्याची जमीन काही प्रमाणात सहन करते, आणि तेवढे वाचून आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते येईल अशी आशा काही जणांना वाटते. परंतु खरी अडचण आपल्या उन्हाळ्याची आहे. या झाडाची मुळे बारीक आणि वरच्या थरात असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे गेला की तो थर तव्यासारखा तापतो. ठेंगणे, पसरणारे आणि थंडीत रंगाने भरून जाणारे झुडूप हवे असेल, तर ते काम आपल्याकडे कोरांटी करते.

कोरांटीचे प्रकार कसे ओळखावेत?

अंगणात प्रामुख्याने दोन जाती दिसतात, आणि काट्यांवरून त्या चटकन ओळखता येतात. पिवळी किंवा काटेकोरांटी म्हणजे बार्लेरिया प्रिओनायटिस. हिच्या पानांच्या बगलेत लांब, सरळ आणि तीक्ष्ण काट्यांचे झुपके असतात, फुले पिवळी ते नारिंगी छटेची असतात आणि झुडूप साधारण कमरेपासून छातीपर्यंत वाढते. दुसरी बार्लेरिया क्रिस्टाटा. हिची फुले जांभळी, गुलाबी किंवा पांढरी असतात, आणि काही झुडपांवर पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळे पट्टेही येतात. हिच्या खोडावर काटे नसतात; परंतु फुलाखालच्या हिरव्या दलांच्या कडा करवतीसारख्या दातेरी आणि टोकदार असतात, म्हणून फुले तोडताना बोटांना किंचित टोचते. या दोन्ही जातींना कार्ल लिनियस यांनी १७५३ साली शास्त्रीय नावे दिली. बार्लेरिया हे नाव जाक बारेलिए (१६०६–१६७३) या फ्रेंच धर्मगुरू आणि वनस्पतिअभ्यासकाच्या स्मरणार्थ आहे. कोरांटी हे आपले नाव मात्र संस्कृतातील ‘कुरंटक’ या शब्दाशी नाते सांगणारे आहे. अडुळसा आणि अबोली ही याच कुळातील झाडे आहेत, आणि अबोलीचे फूल कोरांटीच्या फुलाशेजारी ठेवले की लांब नळीसारखा देठाकडचा भाग दोन्हींत सारखा दिसतो.

वज्रदंती म्हणतात ती हीच का? घरी औषध म्हणून वापरावी का?

होय, पिवळ्या काटेकोरांटीलाच वज्रदंती म्हणतात, आणि दात व हिरड्यांसाठी तिची पाने वापरण्याची परंपरा जुनी आहे. परंतु येथील माहिती केवळ बागेपुरती आहे. कोणतेही झाड औषध म्हणून पोटात घेण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

आमची जमीन काळी आणि भारी आहे. तीत कोरांटी तग धरेल का?

धरेल, परंतु लावण्यापूर्वी या जमिनीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून तयार झालेली असून तिच्यात फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. पावसात ती पाणी पिऊन फुगते व हवा कोंडून धरते, आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरांटीला पाण्याची टंचाई सोसते, पण मुळांशी साचलेले पाणी सोसत नाही. भाद्रपदात आठवडाभर झड लागली आणि आळ्यात पाणी उभे राहिले, तर जुने झुडूपसुद्धा एकाएकी माना टाकते, आणि लोकांना वाटते की त्याला पाणी कमी पडले. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर घागर ओतण्यासारखे आहे.

यावर उपाय सोपा आहे. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन उन्हाळ्यात तो तापू द्यावा. भरताना निघालेली निम्मी माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे, आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंचावर बसेल असा वरंबा ठेवावा. तळाशी नुसत्या विटांच्या तुकड्यांचा थर घालून भागत नाही. भारी जमिनीत तो खड्डा पाण्याने भरलेल्या हौदासारखा होतो. पाण्याला बाजूने वाट काढून देणे हाच खरा निचरा होय. ज्यांच्याकडे माळरानाची मुरमाड, हलकी जमीन आहे, त्यांना यांतील फारसे काही करावे लागणार नाही. तेथे पिवळी कोरांटी खताशिवायही वाढते.

लागवड केव्हा आणि कशी करावी?

पहिले दोन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की, म्हणजे बहुधा आर्द्रा नक्षत्राच्या सुमारास, लागवड करावी. रोप विकत आणण्याची गरज क्वचितच पडते, कारण कोणाच्या ना कोणाच्या परसात कोरांटी असतेच, आणि ती फांदीपासून सहज जगते. माझ्या अंगणातील जांभळी कोरांटी आत्याच्या वाड्यातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या चार काड्यांतून आलेली आहे, आणि त्यांपैकी तीन काड्या जगल्या.

काडी निवडताना अगदी कोवळी हिरवी किंवा अगदी जुनी करडी फांदी घेऊ नये. नखाने टोकरले असता साल हिरवी दिसते, पण वाकवली तर फांदी मोडू पाहते, अशी मधल्या वयाची फांदी हवी. चार ते सहा इंच लांबीची, किमान तीन पेरांची काडी खालच्या पेराच्या अगदी खाली तिरकी कापावी, खालची पाने काढून टाकावीत आणि वरची दोन-चार पाने निम्मी छाटावीत. वाळू आणि शेणखत मिसळलेल्या मातीच्या पिशवीत दोन पेरे आत जातील अशी ती खोचावी आणि सावलीत ठेवावी. माती ओलसर असावी, चिखल नको. तीन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. नवे पान आले म्हणून लगेच काडी उपटून पाहण्याचा मोह आवरावा, कारण काडीत साठलेल्या बळावरही पान फुटते. पिशवीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळी दिसली की रोप तयार झाले असे समजावे. कुंपणासाठी दोन रोपांत दोन फूट आणि सुट्या झुडपासाठी तीन ते चार फूट अंतर ठेवावे.

बियांपासून रोपे करता येतात का?

येतात, आणि ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनी एकदा तरी हे करून पाहावे. माघ-फाल्गुनात फुलांच्या जागी तपकिरी, टोकदार बोंडे वाळलेली दिसतात. असे एक पक्व बोंड तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. काही क्षण काहीच होत नाही, आणि मग टच् असा आवाज होऊन बोंड मधोमध उकलते व बी दूर उडते. बोंडाच्या आत बियांखाली बाकदार आकड्या असतात आणि त्याच बियांना बाहेर फेकतात. उडालेले बी ओल्या बोटावर धरले, तर त्यावरची चपटी लव पाणी लागताच उभी राहते आणि बुळबुळीत होते. पावसाची खात्री पटल्याशिवाय बोंड उघडत नाही आणि बी ओल्या मातीला चिकटून बसते, अशी ही व्यवस्था आहे. कमी आणि लहरी पावसाच्या मुलखात हे झाड का टिकले, याचे एक उत्तर तळहातावरच्या त्या एका बोंडात सापडते.

बियांची रोपे जून महिन्यात करावीत. मात्र बियांपासून आलेल्या रोपांच्या फुलांचा रंग आईच्या झाडासारखाच येईल याची खात्री नसते, त्यामुळे पट्ट्यांची किंवा शुभ्र पांढरी कोरांटी हवी असल्यास काडीच लावावी.

पाणी किती आणि केव्हा द्यावे?

पहिल्या वर्षी, पाऊस थांबल्यानंतर, आठवड्यातून दोनदा खोलवर भिजेल असे पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून हिवाळ्यात दहा ते बारा दिवसांनी आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी पुरते. रोज तांब्याभर पाणी ओतण्यापेक्षा आठ दिवसांनी एकदाच बादलीभर पाणी सावकाश मुरवणे केव्हाही चांगले, कारण थोड्या-थोड्या पाण्याने मुळे वरच राहतात आणि वैशाखात तीच आधी वाळतात. आळ्यात सोयाबीनचा भुसा, उसाचे पाचट किंवा वाळलेला पालापाचोळा तीन बोटे जाड पसरावा. खोडाला मात्र तो टेकवू नये. भेगा पडणाऱ्या जमिनीत या आच्छादनाचे मोल पाण्याइतकेच आहे.

२०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, त्या उन्हाळ्याची आठवण ठेवूनच आपण झाडे निवडावीत असे मला वाटते. तांदूळ-डाळ धुतलेले आणि भाज्या धुतलेले पाणी कोरांटीला बेलाशक घालावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी मात्र नेहमी घालू नये, कारण त्यात क्षार अधिक साठलेले असतात. बोअरचे पाणी जड असल्यास मातीवर पांढरा थर धरतो. असा थर दिसला की वरची माती हलवून घ्यावी आणि पावसाळ्यात छपराचे पाणी त्या आळ्यात निचऱ्यासह खेळवावे, म्हणजे साठलेले क्षार खाली धुऊन जातात. उन्हाळ्यात झुडपाची बरीच पाने गळली तर घाबरू नये. पाण्याची गरज कमी करण्याची ती झाडाची रीत असून पहिल्या पावसानंतर तेच झुडूप पुन्हा हिरवे होते.

छाटणी केव्हा करावी?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण कोरांटी न फुलण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ चुकीच्या वेळी केलेल्या छाटणीत असते. फुले नव्या फुटीच्या शेंड्यांना आणि शेंड्यांजवळच्या पानांच्या बगलेत येतात. ही फूट पावसाळ्यात वाढते, भाद्रपद-आश्विनात पक्व होते आणि मग कळ्या धरते. घटस्थापनेच्या आधी घर-अंगण आवरताना आपण विळी-कात्री घेऊन झुडूप गोल, नेटके करतो, आणि तेव्हा अजाणता त्या वर्षीची सगळी फुले कापून टाकतो. माझ्या हातून हे एकदा झालेले आहे. त्या दिवाळीत शेजारच्या परसात जांभळा ताटवा होता आणि आमच्या दारात नुसता हिरवा गोळा होता. त्याचे वाईट मला फार दिवस वाटत राहिले.

म्हणून क्रम असा ठेवावा. बहर संपला की फाल्गुनात फक्त वाळलेली फुले, बोंडे आणि मेलेल्या काड्या काढाव्यात. त्या वेळी झुडूप खोलवर छाटू नये, कारण पानांची सावली गेली तर उघडी पडलेली खोडे चैत्र-वैशाखाच्या उन्हात भाजतात. मुख्य छाटणी मृगाच्या सुमारास, पाऊस टेकलेला असताना करावी. निरोगी झुडूप एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत खाली आणता येते. जुन्या, आतून पोकळ झालेल्या झुडपाच्या सर्वांत जाड दोन-तीन फांद्या जमिनीपासून वीतभर उंचीवर कापाव्यात आणि उरलेल्या पुढच्या वर्षी कापाव्यात. सगळ्या एकदम कापू नयेत. नवी फूट वीतभर झाली की नारळी पौर्णिमेपूर्वी एकदा तिचे शेंडे खुडावेत, म्हणजे एका फांदीच्या दोन-तीन होतात आणि तितकीच फुले वाढतात. त्यानंतर बहर संपेपर्यंत कात्री बाजूला ठेवावी.

झुडूप हिरवेगार आहे, छाटणीही वेळेवर केली, तरी फुले का येत नाहीत?

बहुधा ऊन कमी पडत असते. कोरांटी अर्धसावलीत जगते, परंतु भरभरून फुलण्यासाठी तिला दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे असते. शेजारच्या कडुनिंबाचा किंवा नव्या भिंतीचा पसारा वाढला असल्यास तोही पाहावा. दुसरे कारण युरियाचे असते. शेतासाठी आणलेल्या पोत्यातील मूठभर युरिया अंगणातही टाकण्याची अनेकांना सवय असते, आणि त्याने पाने माजतात व कळ्या मागे पडतात. वर्षातून एकदा, जून महिन्यात, प्रत्येक झुडपाला दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड एवढे पुरेसे आहे.

नवी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. हा रोग आहे का?

हा रोग नसून लोहाची कमतरता आहे. आपल्या जमिनींचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो आणि त्यांत चुनखडी असते, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. म्हणून मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फारसा लाभ होत नाही. एक लिटर पाण्यात तीन ते पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे, आणि दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. फरशीवर हे पाणी सांडल्यास तांबडे डाग पडतात, याची काळजी घ्यावी. पाने पिवळी होण्याबरोबर झुडूप मलूल दिसत असेल आणि माती ओली असेल, तर मात्र निचरा तपासावा.

कोणत्या किडी पडतात?

कोरांटी फारशी किडत नाही. कधी कधी फांद्यांच्या बेचक्यांत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसतो, आणि त्या फांदीवर मुंग्यांची ये-जा असेल तर तो आहेच असे समजावे. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढावा किंवा पाण्याची जोरदार धार मारावी. अधिक असल्यास पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून सकाळी गाळून घेतलेले पाणी, आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारावे.

पानांवर काटेरी दिसणाऱ्या लहान अळ्या आढळल्या तर लगेच फवारणी करू नये. काही फुलपाखरे कोरांटीवर अंडी घालतात, आणि अळ्यांनी खाल्लेली चार पाने झुडपाला जड जात नाहीत. थंडीत सकाळी नऊच्या सुमारास झुडपाजवळ शांत उभे राहिल्यास मधमाश्या, फुलपाखरे आणि कधी चिमुकला सूर्यपक्षीही फुलांच्या नळीत चोच घालताना दिसतो. आजूबाजूच्या रानात तेव्हा फुलांची तूट असते, त्यामुळे अंगणातील एका झुडपाचाही त्यांना आधार होतो.

कडाक्याच्या थंडीत झुडूप झाकावे का?

गरज नाही. परभणीत काही हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंशांच्या खाली गेलेले आहे, आणि अशा रात्रींनंतरही रुजलेल्या झुडपांच्या फार तर कोवळ्या शेंड्यांना झळ बसते. पहिल्या वर्षाची पिशवीतील रोपे तेवढी भिंतीच्या आडोशाला ठेवावीत.

गच्चीवर कुंडीत लावता येईल का?

जांभळी किंवा पांढरी कोरांटी कुंडीत चांगली येते. कुंडी किमान बारा इंचांची असावी, आणि उन्हाळ्यात ती तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर ठेवावी. कुंडीत पाण्याचा आधीचा हिशेब लागू होत नाही. मातीत बोट दोन पेरे खुपसून कोरडे निघाले की पाणी द्यावे. दर दोन वर्षांनी जून महिन्यात माती बदलावी.

कुंपणासाठी कोणती निवडावी, आणि ती अनिर्बंध पसरते का?

जनावरांपासून राखण हवी असेल तर पिवळी काटेकोरांटी निवडावी, कारण तिच्या काट्यांना शेळ्याही बिचकतात. जांभळीचे कोवळे शेंडे मात्र शेळी सोडत नाही. अंगणात लहान मुले खेळत असतील तर काटेरी जात वाटेपासून दूर लावावी. पिवळी कोरांटी बियांनी पसरते आणि उत्तर ऑस्ट्रेलियात तर तिने उपद्रवी तणाचे रूप घेतले आहे. आपल्याकडे ती मूळचीच असल्याने तसा धोका नाही, तरी शेताच्या बांधावर लावल्यास बोंडे वाळण्यापूर्वी शेंडे कापून टाकलेले बरे.

फुले केव्हा तोडावीत? वेणीत ती टिकतात का?

पूजेसाठी फुले सकाळी दव ओसरताच तोडावीत. वेणीसाठी मात्र आदल्या सायंकाळी टपोऱ्या कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवाव्यात. त्या सकाळी उमलतात. कोरांटीच्या फुलाला गंध नसतो आणि वेगळा देठही नसतो, पण नळी लांब असल्यामुळे ती केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात नीट अडकते. फूल ओढताना खालचे दातेरी हिरवे दल झाडावरच राहू द्यावे. मार्गशीर्षातील गुरुवारी जांभळी आणि पांढरी फुले एकाआड एक गुंफलेली वेणी कलशाला फार शोभते. दुपारनंतर ती मलूल होते, म्हणून ती त्याच सकाळी गुंफावी.

घर बदलताना जुने झुडूप हलवता येईल का?

तीन-चार वर्षांपर्यंतचे झुडूप आषाढात मातीच्या मोठ्या गड्ड्यासह हलवता येते. त्या आधी ते निम्मे छाटून घ्यावे. त्याहून जुन्या झुडपाची मुळे खोल गेलेली असतात आणि ते सहसा जगत नाही. अशा वेळी घर सोडण्यापूर्वीच्या पावसाळ्यात दहा-बारा काड्या पिशव्यांत लावून ठेवाव्यात आणि निघताना मुळे धरलेली रोपे सोबत न्यावीत. जुने झुडूप आहे तेथेच राहू द्यावे, आणि मागून राहायला येणाऱ्यांना ते नारळी पौर्णिमेनंतर छाटू नका एवढे सांगून ठेवावे.